गळक्या पत्र्याची उन्हाळ्यातली तात्पुरती दुरुस्ती

वळवाच्या पावसात पत्र्याचे छप्पर बहुधा स्क्रूपाशी गळते. पत्रा दिवसा उन्हाने प्रसरण पावतो, रात्री आकसतो. त्यामुळे स्क्रू सैल होतात आणि त्यांखालचे रबरी वॉशर कडक होऊन चिरतात.

दुरुस्ती सकाळी, दव वाळल्यावर पण पत्रा तापण्यापूर्वी करावी. चिरलेला वॉशर बदलावा. भोकाभोवतालचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून जागा कोरड्या फडक्याने पुसावी. मग डांबरी पट्टी चहूबाजूंनी दोन-तीन इंच जास्त घेऊन दाबून बसवावी. खाली धूळ राहिली तर पट्टी सुटते.

तेवढा वेळ नसेल तर ताडपत्री आढ्यापलीकडे नेऊन बांधावी. नुसती भोकावर टाकली, तर वरून वाहणारे पाणी तिच्याखाली शिरते.

सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये. तो एकाएकी तुटतो. खालच्या आधारांवर भार येईल अशी फळी टाकूनच वावरावे. ओल्या पत्र्यावर किंवा विजा चमकत असताना चढूच नये.