दोष-अहवालासाठी निदान-माहिती

सॉफ्टवेअर वापरताना आढळलेल्या दोषाची लेखी नोंद दुरुस्ती करणाऱ्यांकडे पाठवली जाते, तिला दोष-अहवाल किंवा व्यवहारात बग रिपोर्ट असे म्हणतात. दोष कोणत्या यंत्रावर, सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत, कोणती कृती करताना आणि कोणत्या मजकुरामुळे प्रकट झाला, हे सांगणारे तपशील म्हणजे निदान-माहिती होय. दुरुस्ती करणारा प्रोग्रामर दोष घडला त्या जागी सहसा नसतो. पुण्यात किंवा बंगळुरूत बसलेल्या व्यक्तीला जालना जिल्ह्यातील शेतात उघडलेला मोबाइल दिसत नाही. म्हणून तोच दोष तिला स्वतःच्या यंत्रावर पुन्हा घडवून पाहता येईल इतकी माहिती देणे, ही चांगल्या अहवालाची कसोटी मानली जाते. ‘ॲप चालत नाही’ हे वाक्य तक्रार म्हणून खरे असले, तरी त्यावरून दुरुस्तीला सुरुवात करता येत नाही.

पार्श्वभूमी

यंत्रातील दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याचा प्रघात संगणकापूर्वीचा आहे. थॉमस एडिसन यांच्या १८७८ मधील पत्रव्यवहारात हा शब्द या अर्थाने आढळतो. हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क २’ या संगणकात ९ सप्टेंबर १९४७ रोजी खराच पतंग सापडला. ग्रेस हॉपर यांनी हा किस्सा पुढे लोकप्रिय केला, त्यामुळे तो शोध त्यांच्याच नावावर सांगितला जातो. प्रत्यक्षात पतंग त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला होता. किश्शापेक्षा नोंदवहीतील ते पान अधिक बोलके आहे. त्यावर वेळ आहे, पॅनेलचे अक्षर आहे, रिलेचा क्रमांक (७०) आहे आणि पुरावा म्हणून पतंग चिकटपट्टीने तेथेच डकवलेला आहे. आजच्या अहवालात जे मागितले जाते, त्यातील बरेचसे या एका पानात सामावले आहे. हे पान अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

दोष नोंदवण्यासाठी स्वतंत्र प्रणाली पुढे आल्या. मोझिला प्रकल्पाने १९९८ मध्ये बगझिला ही प्रणाली खुली केली. विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरमधील दोषही अनेक वर्षे बगझिलावर नोंदवले जात. २०१४ मध्ये ते काम फॅब्रिकेटर या प्रणालीकडे गेले. अहवाल कसा लिहावा यावर ब्रिटिश प्रोग्रामर सायमन टॅथम यांनी १९९९ मध्ये लिहिलेला निबंध अनेक भाषांत अनुवादित झाला आहे.

अहवालातील मुख्य घटक

दोष घडवणाऱ्या कृतींचा क्रम, अपेक्षित परिणाम आणि प्रत्यक्षात घडलेला परिणाम हे तीन घटक जवळजवळ सर्वत्र मागितले जातात. यांपैकी अपेक्षित परिणाम बहुधा गाळला जातो, कारण लिहिणाऱ्याला तो उघड वाटतो. वाचणाऱ्याला तो उघड नसतो. यादी गावांच्या नावांप्रमाणे लागणे अपेक्षित होते की तारखेप्रमाणे, हे कळल्याशिवाय ‘यादी चुकीची लागते’ या विधानाचा अर्थ लागत नाही.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचा मोबाइल ॲप राज्यभर वापरात आला आणि शेतकरी स्वतःच्या पिकाची नोंद छायाचित्रासह करू लागले. अशा प्रकारच्या ॲपचे एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. भोकरदन तालुक्यातील एका शेतकऱ्याने छायाचित्र काढले, पण ‘जतन करा’ हे बटण दाबल्यावर पडदा कोरा झाला. येथे दोष छायाचित्र काढण्यात असू शकतो, स्थान शोधण्यात असू शकतो, मोबाइलमधील जागा संपल्यामुळे असू शकतो किंवा नेटवर्क नसल्यामुळेही असू शकतो. यांतील एकेकच गोष्ट बदलून पाहावी: प्रथम तेच पीक आणि तोच मोबाइल ठेवून नेटवर्क असलेल्या ठिकाणी, मग पुरेशी जागा मोकळी करून. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झाले, तर कारण कोणते हे कळत नाही. ॲप काढून पुन्हा स्थापित करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने काम कधी कधी भागते, परंतु दोषाचा मागही पुसला जातो. म्हणून आवृत्ती, वेळ आणि पडद्यावरील संदेश आधी टिपून घेणे श्रेयस्कर. संदेश शब्दशः द्यावा, स्वतःच्या भाषेत सारांश करून नव्हे.

दोष प्रत्येक वेळी घडतो की कधी कधी, हेही नोंदवले जाते. दहा प्रयत्नांत तीनदा घडला, तर तसेच लिहावे. अंदाजाला मज्जाव नाही, मात्र पाहिलेले आणि तर्काने वाटलेले वेगळे ठेवावे लागते.

देवनागरी मजकुराशी संबंधित दोष

मराठी वापरणाऱ्यांनाच प्रथम दिसतील असे काही दोष असतात. मराठी न वाचणाऱ्या प्रोग्रामरला ते चित्रात दाखवले तरी जाणवत नाहीत, त्यामुळे त्यांची निदान-माहिती मराठी वापरकर्त्याकडूनच येऊ शकते.

‘शेतकऱ्यांचे’ हा सातबारापासून पीकविम्यापर्यंत सर्वत्र येणारा शब्द याचे उत्तम उदाहरण आहे. त्यातील ‘ऱ्य’ दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात नुक्त्याचा ‘ऱ’ (युनिकोड ०९३१) आणि त्यापुढे हलन्ताचे चिन्ह असते. दुसऱ्या, जुन्या प्रकारात साधा ‘र’ (०९३०), हलन्त आणि शून्य-रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह (२००डी) असते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ते एक होत नाहीत. परिणामी एका प्रकारे टंकलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधल्यास सापडेलच असे नाही. अदृश्य जोडचिन्ह गाळून टाकणारे अर्जही असतात. अशा ठिकाणी ‘शेतकर्यांचे’ असे रफारयुक्त, अशुद्ध रूप उमटते.

रफार दिसला तर दोष मजकुरात आहे की अक्षर रेखाटणाऱ्या फॉन्टमध्ये, हे तपासण्याची सोपी रीत आहे. तो शब्द नक्कल करून दुसऱ्या प्रोग्राममध्ये चिकटवावा. तेथे ‘ऱ्य’ नीट दिसला, तर साठवलेला मजकूर शाबूत असून संशय फॉन्टवर किंवा पहिल्या प्रोग्रामच्या रेखाटनावर जातो. तेथेही रफारच आला, तर मजकूर साठवतानाच बिघडला असण्याची शक्यता अधिक. या एका चाचणीचा निष्कर्ष अहवालात लिहिल्यास शोधाचे निम्मे क्षेत्र वगळले जाते. त्यासोबत फॉन्टचे नाव, टंकनाची पद्धत (इनस्क्रिप्ट की ध्वन्यात्मक) आणि शक्य असल्यास अक्षरांचे युनिकोड क्रमांक द्यावेत. केवळ पडद्याचे चित्र येथे पुरत नाही, कारण चित्रात अदृश्य चिन्ह दिसत नाही. चित्र आणि नक्कल करता येणारा मजकूर ही दोन्ही जोडावीत.

‘ॲ’ या अक्षराचीही अशीच कथा आहे. त्याला स्वतंत्र क्रमांक (०९७२) २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मिळाला. तत्पूर्वी ‘अ’ला चंद्राचे चिन्ह जोडून काम भागवले जाई. त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये नवे अक्षर रिकाम्या चौकोनाच्या रूपात दिसू शकते आणि जुन्या पद्धतीच्या मजकुरात काही यंत्रांवर ठिपक्यांचे वर्तुळ येते.

प्रत्येक न जुळणारा शब्द मात्र सॉफ्टवेअरचा दोष नसतो. जालना जिल्ह्यातील एका तालुक्याचे नाव जाफ्राबाद आणि जाफराबाद असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. एक रूप शोधल्यावर दुसरे सापडले नाही, तर तो लेखनभेद होय. तेथे दोन्ही रूपे सापडावीत अशी सूचना करता येते, पण तिला दोष म्हणणे योग्य ठरत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमधील जुना मजकूर नव्या अर्जात चिकटवल्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो, तोही याच वर्गातील प्रकार.

फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगू लिपीतील एका जोडाक्षरामुळे आयफोनवरील संदेशांचे ॲप बंद पडू लागले. पुढील तपासात देवनागरी आणि बंगाली लिपींतील विशिष्ट अक्षरक्रमांनीही तेच घडते, असे आढळले. दोष एका अक्षराचा नसून व्यंजन, हलन्त, व्यंजन, अदृश्य विभाजक आणि स्वरचिन्ह अशा रचनेचा आहे, हे क्रमांकवार मांडणी केल्यामुळेच लक्षात आले. ॲपलने १९ फेब्रुवारी २०१८ रोजी ११.२.६ या आवृत्तीत दुरुस्ती दिली.

माहिती कोठून मिळवावी

ॲपची आवृत्ती बहुधा त्याच्या ‘विषयी’ या पानावर असते, तर मोबाइलच्या प्रणालीची आवृत्ती सेटिंग्जमधील ‘फोनविषयी’ या भागात. अँड्रॉइडमध्ये तेथील बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारल्यास विकासकांसाठीचे पर्याय खुले होतात आणि त्यांतून बग रिपोर्टची फाइल तयार करता येते. सामान्य वापरकर्त्याने ती मागितल्याशिवाय पाठवू नये. ती मोठी असते आणि तिच्यात ॲपशी संबंध नसलेलेही पुष्कळ असते.

संकेतस्थळाच्या बाबतीत ब्राउझरचे नाव व आवृत्ती द्यावी, तसेच खासगी खिडकीत आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये काय घडते ते पाहावे. मराठी विकिपीडियावर एक अधिकची चाचणी उपलब्ध आहे. पानाच्या पत्त्यात सेफमोड हा पर्याय जोडला की सदस्याने चालू केलेली उपकरणे आणि लिपिका त्या पानापुरत्या बंद होतात. अडचण तेवढ्याने नाहीशी झाली, तर ती मूळ सॉफ्टवेअरची नसून एखाद्या उपकरणाची असते. सदस्य-प्रवेश न करता तेच पान उघडून पाहणे हा त्याहून सोपा पर्याय.

खासगी माहिती

निदान-माहिती जितकी नेमकी, तितकी ती व्यक्तीची ओळखही उघड करू शकते. अनेक दोष-नोंद प्रणाली सर्वांना वाचण्यासाठी खुल्या असतात. पडद्याच्या चित्रात आधारचे १२ अंक, मोबाइल क्रमांक, बँक खाते, जमिनीचा गट क्रमांक किंवा इतर खातेदारांची नावे सहज येतात. चित्रातील असे भाग पूर्ण काळ्या पट्टीने झाकावेत. अर्धपारदर्शक रंगाखालचे अंक पुन्हा वाचता येऊ शकतात. पासवर्ड आणि ओटीपी कोणत्याही अहवालासाठी लागत नाहीत, आणि ते मागणारी व्यक्ती दुरुस्ती करणारी नसते. खऱ्या नोंदीऐवजी बनावट नाव घालून तोच दोष घडवता आला, तर ते चित्र पाठवावे. बनावट नावाने दोष घडला नाही, तर तेही लिहावे, कारण दोष त्या विशिष्ट नावातील एखाद्या अक्षराशी निगडित असू शकतो. अशा वेळी पूर्ण नाव न देता तेवढे जोडाक्षर आणि त्याचे युनिकोड क्रमांक दिले तरी पुरतात.