शिंगराचा रंग कुठून येतो?

वसई-विरारमध्ये लग्नसराई सुरू झाली की वरातीपुढे बँड, दिव्यांच्या छत्र्या आणि सजवलेली पांढरी घोडी हे दृश्य नेहमीचेच. अशा घोडीकडे पाहून मुले विचारतात, "हिचे पिल्लूही पांढरेच होणार ना?" घरातली मोठी माणसे सहज 'हो' म्हणून मोकळी होतात. खरे उत्तर मात्र बहुतेक वेळा 'नाही' असे आहे. अशा घोडीचे शिंगरू जन्मते तेव्हा ते तांबडे, तपकिरी किंवा काळे असू शकते.

हा प्रश्न नुसता घोड्यांचा असता तर आम्ही त्यावर एवढे लिहिले नसते. पण अकीक्याच्या दिवशी बाळाला मांडीवर घेऊन "रंग कुणावर गेला गं हिचा?" असे विचारणारी माणसे आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्या एका वाक्याने बाळंतिणीचे डोळे भरून येतात. म्हणून रंग पिढ्यांतून कसा येतो, हे घोड्याच्या निमित्ताने समजून घेऊ या.

रंगांची नावे आपल्याच घरातली

घोडे आणि आपला किनारा यांचे नाते जुने आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोने आपल्या शेजारच्या ठाण्याच्या राजाबद्दल लिहिले आहे की, समुद्री चाच्यांशी त्याचा करार होता : पकडलेल्या जहाजांवरचे घोडे राजाचे आणि बाकीचा माल चाच्यांचा. अरबी घोड्याला इतकी किंमत होती. घोड्यांबरोबर रंगांची नावेही आली आणि मराठीत, उर्दूत रुजली. अंग तपकिरी पण आयाळ, शेपटी व पाय काळे, तो कुमैत. सर्वांगाने तांबडा तो सुरंग. कस्तुरीसारखा काळा तो मुश्की. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा अबलख. वयाबरोबर पांढरा होत जाणारा सब्जा आणि जन्मतःच पांढरा, गुलाबी कातडीचा तो नुकरा.

दोन रंग, दोन बटणे

घोड्याच्या केसांत मुळात दोनच रंगद्रव्ये असतात : काळे आणि तांबडे. बाकी सारी किमया जनुकांची. घोड्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३२ जोड्या असतात (माणसाच्या २३). प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून येते, दुसरे वडिलांकडून. म्हणजे प्रत्येक जनुकाच्या दोन चिठ्ठ्या शिंगराच्या खिशात असतात.

पहिले बटण काळ्या रंगाचे. दोनपैकी एक चिठ्ठी जरी 'काळा' म्हणाली तरी काळे रंगद्रव्य तयार होते. ही प्रभावी चिठ्ठी. दोन्ही चिठ्ठ्या 'तांबडा' असतील तरच घोडा सुरंग होतो.

दुसरे बटण काळा रंग कुठे दिसावा ते ठरवते. ते चालू असेल तर काळा रंग आयाळ, शेपटी आणि पायांपुरता राहतो, म्हणजे कुमैत. ते बंद असेल तर सारे अंग काळे, म्हणजे मुश्की. सुरंग घोड्यात काळा रंगच नसल्याने हे दुसरे बटण असूनही दिसत नाही. त्यामुळे सुरंग घोडी आणि मुश्की घोडा यांचे शिंगरू कुमैत निघू शकते, म्हणजे आईसारखेही नाही आणि बापासारखेही नाही.

लपून बसलेला तांबडा

आता गंमत पाहा. घोडा कुमैत, घोडीही कुमैत आणि शिंगरू मात्र तांबडे! जाणकार नसलेला मालक लगेच घोडा बदलल्याचा संशय घेतो. पण दोघांच्याही खिशात एक 'काळा' आणि एक 'तांबडा' चिठ्ठी असेल, तर चार शक्यतांपैकी एका शक्यतेत दोन्हीकडून 'तांबडा' येतो. नववीच्या विज्ञानात मेंडेलचा वाटाणा शिकवताना फळ्यावर जो चौकोन काढतात, तोच हा हिशेब. तांबडी चिठ्ठी कित्येक पिढ्या न दिसता पुढे सरकत राहते आणि जोडीदार मिळाला की वर येते.

याच्या उलट, दोन्ही पालक सुरंग असतील तर शिंगरू काळे किंवा कुमैत होत नाही, कारण काळी चिठ्ठी द्यायला कुणाकडेच नसते. इंग्लंडच्या हर्स्ट यांनी १९०६ साली शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळीच्या नोंदी तपासून हा नियम मांडला होता. आज शंका असेल तर मुळासकट उपटलेल्या केसांवरून डीएनए तपासून पालकत्व सिद्ध करता येते.

पांढऱ्या घोडीचे गुपित

वरातीतल्या अनेक पांढऱ्या घोड्या सब्जा असतात. त्यांची कातडी काळसर असते. नाक आणि डोळ्यांभोवती ते दिसते. त्या जन्मतात गडद रंगाच्या, आणि वर्षागणिक केस पांढरे होत जातात. यामागचे जनुक स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००८ साली शोधले. हे जनुक प्रभावी आहे. एक चिठ्ठी पुरते, म्हणून ते लपत नाही. सब्जा शिंगराच्या आईबापांपैकी एक तरी सब्जा असतोच. मात्र घोडीकडे अशी एकच चिठ्ठी असेल आणि घोडा सब्जा नसेल, तर तिची सुमारे निम्मी शिंगरे कधीच पांढरी होत नाहीत. या पांढरेपणाची किंमतही आहे. उतारवयात अशा घोड्यांना कातडीच्या गाठींचा आजार फार होतो.

रंगाचा मोह

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून घोड्यांचा मोठा बाजार भरतो. देशभरातून घोडे येतात. तिथे चाल, उंची आणि दात यांच्याबरोबर रंग, भोवरे आणि पायांवरचे पांढरे पट्टे पाहूनही भाव बोलला जातो. चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला 'पंचकल्याणी' शुभ, अमुक भोवरा अशुभ, असे हिशेब चालतात. खरे तर भोवऱ्याने मालकाचे नशीब बदलत नाही आणि रंगाने घोड्याची ताकद वाढत नाही.

उलट रंगाच्या मागे लागून नुकसान झाल्याचे उदाहरण अमेरिकेत आहे. तिथल्या ठिपकेदार घोड्यांमध्ये पट्ट्यांचा एक सुंदर प्रकार आहे. त्या जनुकाची एक चिठ्ठी असेल तर घोडा देखणा होतो. पण दोन्हीकडून तीच चिठ्ठी आली तर शिंगरू पांढरेशुभ्र जन्मते, त्याच्या आतड्यांना मज्जातंतू नसतात आणि ते काही दिवसांत मरते. म्हणून तिथले जाणकार जोडी लावण्याआधी तपासणी करतात.

लाल उंटांमधला राखाडी

आता आपल्या घराकडे येऊ. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली एक हदीस अनेकांना ठाऊक असेल. एक खेडूत अरब प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आला. पत्नीला काळे मूल झाले, याचा त्याला संशय होता. प्रेषितांनी (स.) त्याला त्याच्या उंटांबद्दल विचारले. उंट लाल होते. त्यांत एखादा राखाडी आहे का, असे विचारल्यावर तो 'आहे' म्हणाला. मग तो कुठून आला? पूर्वजांतल्या एखाद्या शिरेने ओढून आणला असेल, असे त्याने उत्तर दिले. तेव्हा प्रेषितांनी (स.) समजावले की, त्याच्या मुलाचेही तसेच असेल. निव्वळ रंगावरून मूल नाकारण्याची वाट तिथेच बंद झाली.

माणसाच्या कातडीचा रंग घोड्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा आहे. त्यात अनेक जनुकांचा वाटा असतो, आणि ऊनही आपले काम करते. एकाच आईबापाची एक मुलगी गोरी आणि दुसरी सावळी असणे हे अगदी स्वाभाविक आहे. आणि मुलाच्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्या बापाकडून येतात, हे तर साधे गणित आहे. मग टोमणे एकट्या सुनेनेच का ऐकायचे? स्थळ पाहताना 'मुलगी गोरी हवी' ही अट पहिल्या ओळीत का यायची?

तेव्हा पुढच्या अकीक्याला कुणी बाळाच्या रंगावर बोट ठेवले, तर त्यांना लाल उंटांमधल्या त्या राखाडी उंटाची गोष्ट सांगा. आणि ती सांगायची जबाबदारी बाळाच्या आईवर टाकू नका. दादी, फुफू किंवा स्वतः बाळाच्या अब्बांनी ती सांगावी.