17 66 : पार्टवरच्या तारखांचा मागोवा

जुनी गाडी कोणत्या सालची, हे कराडात पूर्वी कुणी पार्ट बघून ठरवत नसे. आरसी बुक उघडलं की काम झालं. पार्टवरची तारीख वाचायची ती दुकानदाराशी हुज्जत घालायला: बॅटरी वॉरंटीत बसते का, टायर गोदामात किती वर्षं सडत होता, डब्यात ‘नवीन’ म्हणून दिलेला माल खरंच नवीन आहे का. त्याच आकड्यांना आता भाव आला आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून 1964 साली फियाट 1100 डी, म्हणजे आपली ‘डिलाइट’, बाहेर पडायला लागली. तिथून आजपर्यंतची साठेक वर्षं धरली, तर हा उलटफेर नीट दिसतो.

आधी आकडे वाचायचे कसे ते सांगतो. डायनामो काढून बाकावर घ्यायचा, रॉकेलच्या बोळ्याने अंगावरचं काजळ पुसायचं. तरी आकडे दिसत नाहीत. मग खडू आडवा धरून घासायचा आणि वरवर बोट फिरवायचं. पंचाच्या खाचेत पांढरं राहतं आणि अक्षरं वर येतात. लुकासच्या पद्धतीत डायनामो आणि डिस्ट्रीब्युटरवर मॉडेल आणि पार्ट नंबरांसोबत एक छोटी जोडी असते. समजा ‘17 66’. म्हणजे 1966 सालचा सतरावा आठवडा, एप्रिलचा शेवट. मद्रासला लुकास-टीव्हीएस 1961 मध्ये सुरू झाली, त्यामुळे आपल्या भागातल्या गाड्यांना लुकासची ही लिपी नवी नव्हती. मेस्त्री लोकांना ती यायची, फक्त तिचं कौतुक त्यांना नव्हतं.

आता या डायनामोची गाडी जर ऑगस्ट 1966 मध्ये पासिंग झालेली असेल, तर डायनामो जागेवरचाच असण्याची शक्यता मोठी. पार्ट आधी बनतो, मग गाडीत बसतो, मग गाडी विकली जाते. म्हणून पार्टवरची तारीख गाडीच्या थोडी आधीची हवी. काही आठवडे, फार तर काही महिने. नंतरची निघाली तर पार्ट बदललेला आहे, यात वाद नाही. फार आधीची निघाली तर तो दुसऱ्या गाडीतून आलेला असू शकतो. नवखा माणूस इथेच फसतो. त्याला वाटतं गाडीचं आणि पार्टचं साल एक आलं की झालं. डिसेंबरच्या डायनामोची गाडी मार्चमध्ये रस्त्यावर आलेली असेल तर सालं वेगळी येणारच, आणि तेच बरोबर.

ओतीव भागांचं गणित आणखी वेगळं. कोल्हापूर, सांगली, किर्लोस्करवाडी या पट्ट्यात फाउंड्रीत राबलेला माणूस घरटी नाही तरी गल्लीत एखादा सापडतोच. त्याला हे सांगावं लागत नाही. कास्टिंगवर उठून आलेला आकडा साच्यातला असतो, तो ओतकामाचा. खोल ठोकलेला आकडा पंचाचा, तो मशिनिंग किंवा जोडणीचा. ब्लॉक ओतल्यावर लगेच इंजिन होत नाही, म्हणून दोन्हींत अंतर राहतं. जनरल मोटर्सच्या अमेरिकन इंजिनांवर महिना अक्षराने लिहीत: ए म्हणजे जानेवारी, एफ म्हणजे जून, पुढे तारीख आणि सालाचा फक्त शेवटचा आकडा. ‘एफ 14 7’ म्हणजे 14 जून, पण 1937 की 1947 हे ब्लॉक सांगत नाही. ते तुम्हाला गाडीवरून ओळखावं लागतं. याच कंपनीने 1928 ते 1954 या काळात मुंबईत शिवडीला गाड्या जोडल्या, म्हणून ही लिपी आपल्यालाही कामाची.

काचेवरही तारीख असते, आणि ओगलेवाडीच्या काच कारखान्याशेजारी वाढलेल्या कराडकरांना तरी तिचं अप्रूप वाटायला हवं. इंग्लंडच्या ट्रिप्लेक्स काचेवर नावातल्या अक्षरांजवळ बारीक ठिपके दिसतात. ठिपका कोणत्या अक्षराशी आहे त्यावरून तिमाही आणि साल काढतात. प्लॅस्टिकच्या भागांवर बारा महिन्यांचं गोल घड्याळ आणि मध्ये बाण असतो. बाण फिरवायचं काम मोल्डिंग मशीनवरच्या माणसाचं. तो विसरला, की पार्ट महिनाभर जुना होऊन जन्माला येतो.

हे सगळं शास्त्र आपल्याकडच्या गाड्यांना लावायला गेलं की घोळ होतो, कारण आपल्याकडे गाडी जपली गेली ती चालू ठेवण्यासाठी. लायसन्स-परमिटच्या दिवसांत फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. अशी मिळालेली गाडी डॉक्टर, वकील, साखर कारखान्याचे संचालक पंधरा-वीस वर्षं सोडत नसत. पार्ट मुंबईहून ऑपेरा हाउसच्या दुकानांतून यायचा, नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारातून. तोही नाही मिळाला तर आर्मेचर इथेच गुंडाळून घ्यायचं. बॉडी 1966 ची, आतली कॉइल 1978 ची, ब्रश कालचे. ‘मॅचिंग नंबर’वाले, म्हणजे सगळे पार्ट मूळचेच हवेत म्हणणारे, अशा डायनामोकडे तुच्छतेने बघतात. मला तो जास्त खरा वाटतो. गाडी कधी कधी बंद पडली आणि मालकाचा खिसा तेव्हा कसा होता, ते त्याच्यावर लिहिलेलं असतं.

फियाटचं नाव जाऊन 1974 मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ आलं. 1983 च्या डिसेंबरात मारुती आली आणि पुढच्या दशकात पद्मिनीचे पार्ट किलोवर भंगारात गेले. याच सुमाराच्या टायरवर आठवडा-सालाचे तीनच आकडे असत: ‘329’ म्हणजे 1989 की 1979, बघणाऱ्याने ठरवावं. 2000 पासून चार आकडे आले आणि तो प्रश्न मिटला. पद्मिनीचं उत्पादन त्याच सुमारास थांबलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली.

त्याआधीच वारं फिरलं होतं. जुलै 2021 मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली खासगी दुचाकी किंवा मोटार, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली असेल, तर तिला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांची मुदत. कायदा तारीख आरसीवरची मोजतो, पण गाडी मूळची आहे हे पटवायला पार्टच बोलावे लागतात. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासण्याची सवय आपल्याला पासिंगमुळे होतीच. आता गिऱ्हाईक टॉर्च घेऊन डायनामोखाली वाकतं. जे विकलं जातं त्याची नक्कलही निघते. जुन्या बॉडीवर ताजे पंच मारलेले आकडे मिळतात. खाचेची कड तीक्ष्ण, आतलं लोखंड उजळ, आणि भोवतीचा गंज मात्र पन्नास वर्षांचा, असं दिसलं की व्यवहार थांबवावा.

1974 च्या पद्मिनी 2024 पासून पन्नाशीत येऊ लागल्या. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सने काढलेल्या ‘प्रिया’ही रांगेत आहेत. तरी कराडात ‘व्हीए’साठी झुंबड उडेल असं मला वाटत नाही. त्या पाटीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. ज्याला रविवारी फियाटमधून उंब्रजला पाहुण्यांकडे जाऊन यायचं आहे, तो जुनी साधी पाटीच ठेवणार आणि डायनामो जळाला तर मिळेल त्या सालचा बसवणार.