बातमी छापून झाली, पुढे काय?

बातमी छापली की पत्रकाराचं काम संपलं, असं आपण समजतो. मुंबईच्या तीस्ता सेटलवाड यांनी तसं मानलं नाही. १९९२-९३च्या दंगलीनंतर त्यांनी नोकरी सोडली आणि जावेद आनंद यांच्यासोबत ‘कम्युनॅलिझम कॉम्बॅट’ हे मासिक काढलं. २००२मध्ये गुजरातच्या हिंसाचारानंतर ‘सिटिझन्स फॉर जस्टिस अँड पीस’ ही संस्था उभी राहिली. तीस्ता तिच्या सचिव झाल्या.

फरक कुठे पडला ते बघू. वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरीत १४ जणांचा जीव गेला होता. २००३मध्ये सर्व २१ आरोपी सुटले, कारण साक्षीदार उलटले. आरोपींच्याच शहरात राहून खरं बोलायचं कसं? संस्था साक्षीदारांना घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली. २००४मध्ये कोर्टाने खटला महाराष्ट्रात नव्याने चालवायला सांगितलं. २००६मध्ये मुंबईत नऊ जणांना जन्मठेप झाली. २०१२मध्ये उच्च न्यायालयाने त्यातल्या पाच जणांना सोडलं, चौघांची शिक्षा कायम ठेवली.

या कामाची किंमतही मोजावी लागली. जून २०२२मध्ये झाकिया जाफरी यांची याचिका फेटाळली गेली आणि दुसऱ्याच दिवशी तीस्तांना अटक झाली. बनावट पुरावे रचल्याचा आरोप त्या नाकारतात. जुलै २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नियमित जामीन दिला.

आपण यातून काय घ्यायचं? अन्याय झाला की नुसती हळहळ पुरत नाही. फिर्याद नोंदवा, एफआयआरची प्रत मागून घ्या; ती फिर्यादीला मोफत मिळते. आणि साक्षीदाराला एकटं सोडू नका.