पिवळ्या पट्ट्यामागच्या सह्या

रस्त्यावर पिवळा पट्टा मारायचा तर सगळ्यात आधी झाडू लागतो. धूळ राहिली तर रंग डांबराला धरत नाही, पहिल्याच पावसात त्याचे पापुद्रे सुटतात. झाडून झाले की दोन टोकांना दोघे बसतात, मध्ये सुतळी ताणतात आणि तिसरा माणूस मुठीतून चुन्याची भुकटी सोडत सुतळीच्या कडेने चालत जातो. मग रोलर. महामार्गावरचे पट्टे थर्मोप्लास्टिकचे असतात. ते वितळवून ओततात आणि गरम असतानाच वर काचेचे बारीक मणी पेरतात, म्हणून रात्री गाडीच्या झोतात चमकतात. गावातल्या आतल्या रस्त्यांच्या वाट्याला बहुतेकदा डब्यातला साधा रोड पेंट येतो.

हिंगोलीत महात्मा गांधी चौक, जवाहर रोड अशा गजबजलेल्या भागात हे काम करायचे तर पहाटच गाठावी लागते. दुकानांची शटरे वर जाऊ लागली की मोटारसायकली येतात आणि नेमक्या पट्ट्याच्या रेषेवर लागतात. हँडल लॉक नसेल तर मागचे चाक उचलून गाडी बाजूला सरकवता येते. लॉक असेल तर रोलर तेवढी जागा सोडून पुढे जातो. पट्टा वाळल्यावर मध्ये हातभर, दोन हात काळे डांबर उघडे दिसते ते याच कारणाने.

“आम्ही पट्टा मारायलो. गाड्या हटवणं आमच्याकडं नाही,” रोलर धरलेला माणूस म्हणाला.

त्याचे म्हणणे कायद्याला धरून होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ नुसार मनाई असलेल्या जागी लावलेली किंवा दहा तास किंवा अधिक वेळ बेवारस सोडलेली गाडी उचलून न्यायची, तिच्या चाकाला जॅमर लावायचा, तर त्याची परवानगी गणवेशातला पोलीस अधिकारीच देऊ शकतो. नगर परिषदेचा कर्मचारी ती स्वतःहून उचलून नेऊ शकत नाही. उलट पोलिसांकडे रंगाचा डबा नाही, पाट्या बसवायला निधी नाही. पट्टा एकाच्या अंदाजपत्रकातून येतो आणि त्याच्यावरचा दंड दुसऱ्याच्या यंत्रातून निघतो. मधल्या सगळ्या कामाला एक फाइल लागते, आणि ती फाइल कशी चालते हे समजून घेतल्याशिवाय गावातली कोंडी समजत नाही.

चौकात कोंडी झाली की लोक ‘नगर परिषद झोपली आहे काय’ म्हणतात. नगर परिषदेच्या हाती नेमके काय आहे? १९६५ च्या महाराष्ट्र नगर परिषद अधिनियमात कलम ४९ खाली तिची कर्तव्ये दिली आहेत. सार्वजनिक रस्त्यांवरचे अडथळे आणि पुढे आलेली बांधकामे काढणे हे त्यांतले एक. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांसाठी १८ विषय लिहिले. त्यांतल्या सतराव्या नोंदीत पथदिवे, वाहनतळ, बसथांबे आणि स्वच्छतागृहे आहेत. वाहनतळ आहे, पण वाहतूक नियंत्रण हा विषय त्या यादीत कुठेच नाही. गाडी उभी करायला जागा द्यायची ती नगर परिषदेने; गाडी कुठे उभी करायची नाही हे ठरवायचे दुसऱ्याने.

तो दुसरा म्हणजे राज्य शासन आणि शासनाने अधिकार दिलेले अधिकारी. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ११५ एखाद्या रस्त्यावर विशिष्ट वाहनांना बंदी घालू देते, कलम ११६ फलक लावू देते, कलम ११७ वाहनतळ आणि थांबे ठरवू देते. त्याला जोडून महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३३ आहे. आयुक्तालय असलेल्या पुण्या-मुंबईत त्याखालचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. इतर जिल्ह्यांत असे मनाईचे आदेश सहसा जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने निघतात. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला. त्याआधी इथल्या गल्लीतल्या मनाईसाठी सही परभणीला व्हायची.

फाइलचा प्रवास साधारण असा. व्यापारी, शाळा किंवा वाहतूक शाखा अर्ज करते. मग संयुक्त पाहणी होते. नगर परिषदेचा अभियंता टेप धरतो, वाहतूक शाखेचा अधिकारी गर्दीच्या वेळा सांगतो, रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असेल तर त्यांचाही माणूस लागतो. अकोल्याहून नांदेडकडे जाणारा १६१ क्रमांकाचा महामार्ग या जिल्ह्यातून जातो, त्यामुळे हा तिसरा माणूस इथे वारंवार लागतो. एका बाजूला मनाई करायची की सम-विषम तारखांप्रमाणे पी-१, पी-२ करायचे, म्हणजे एक दिवस या बाजूला आणि दुसऱ्या दिवशी त्या बाजूला गाड्या लावू द्यायच्या, यावर चर्चा होते. पाहणीचा अहवाल जातो, पोलीस अधीक्षकांचा अभिप्राय येतो, हरकती मागवतात, मग आदेश. पाहणीच्या वेळी टेप धरून उभे राहिलेल्यांच्या अंगाला घासून रिक्षा जात असतात. या पाहणीला दुकानदार हमखास हजर असतात. भाजीची गाडी लावणारी बाई क्वचित दिसते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तिच्यासाठी नगर पथविक्रेता समिती करायला सांगितले, विक्री क्षेत्रे आखायला सांगितली. तरी रस्त्याच्या रुंदीचा हिशेब होतो तेव्हा ‘अडथळा’ या रकान्यात तिची हातगाडी पहिली लिहिली जाते आणि तिच्यामागे उभी असलेली कार त्या रकान्यात येत नाही. हे मला कधीच पटलेले नाही. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत कारसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. तेवढ्यात दोन-तीन हातगाड्या आणि त्यांच्यावर चालणारी दोन-तीन घरे मावतात.

ही नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली, आणि माझ्या मते नगर परिषदेच्या हातातला सगळ्यात खरा अधिकार तिच्यात आहे. नवी व्यापारी इमारत उभी राहताना किती गाड्यांची जागा सोडायची, हे बांधकाम परवानगीच्या नकाशावर लिहिलेले असते. नकाशात ‘पार्किंग’ लिहिलेल्या तळमजल्यावर पुढे गोदाम झाले, गाळे निघाले, की त्या गाड्या रस्त्यावर येतात आणि कायमच्या येतात. मग त्या हटवायला जिल्हाधिकारी, पोलीस, फलक, पट्टा, सगळे लागते. भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी एक चक्कर तळमजल्यावर मारली तर यातले अर्धे काम वाचेल.

आदेश निघाला, पट्टा मारला, पाटी लागली. पुढचे काम चौकातल्या अंमलदाराचे. हातात ई-चलानचे यंत्र, गाडीचा नंबर टिपायचा, फोटो घ्यायचा. कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा सापडला तर १,५०० रुपये. यंत्राचा आवाज झाला की दुकानातून मालक धावत येतो.

“काढायलो ना साहेब, दोनच मिनिटं झालेत.”

“दादा, पाटी दिसली नाही का?”

“कुठंय पाटी? त्या बॅनरखाली झाकलीय की.”

हे रडगाणे वाटते, पण यातला पाटीचा मुद्दा पक्का आहे. मनाई केली तर योग्य ठिकाणी फलक लावलाच पाहिजे, असे कलम ११५ सांगते. ‘नो पार्किंग’चा फलक म्हणजे निळी तबकडी, लाल कड आणि तिरपी लाल रेघ. दोन रेघांची फुली असेल तर गाडी थांबवायचीही नाही. वाढदिवसाच्या बॅनरने तो फलक झाकला की अंमलदाराच्या हातातले यंत्र दुबळे होते आणि भांडण त्याच्या अंगावर येते. दिवसभर उन्हात उभे राहून तो ज्या आदेशाची बाजू मांडतो, त्याची प्रतही अनेकदा त्याच्याकडे नसते. ती त्याच्या खिशात असायला हवी.

आता हळदीच्या हंगामातली कोंडी. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी, मग शिजवणे, वाळवणे, पॉलिश, आणि उन्हाळ्यात विक्री. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याआधीपासूनच हिंगोलीचे संत नामदेव मार्केट यार्ड आणि वसमतचा बाजार शेजारच्या जिल्ह्यांतला माल ओढत आले आहेत. आवक वाढली की ट्रॅक्टर आणि पिकअपची रांग यार्डाच्या फाटकाबाहेर रस्त्यावर येते. बीट, म्हणजे लिलाव, सकाळी, मोजमाप नंतर, त्यामुळे शेतकरी रात्रीच नंबर लावतो आणि ट्रॉलीखाली गोणपाट टाकून झोपतो. त्या रांगेजवळ मी थांबलो होतो, तेव्हा एका अंमलदाराने ट्रॅक्टरच्या मडगार्डवर थाप मारली.

“मामा, कडंला घ्या, बस निघंना.”

“कडंला कुठं घेऊ साहेब? नाली हाय. अन् नंबर गेला तर उद्याच्याला बी इथंच.”

अंमलदाराने चलान केले नाही. पुढच्या दोन ट्रॉल्या हात दाखवून मागेपुढे केल्या, बस काढून दिली. कागदावर त्याच्याकडे सगळे कायदे होते. रस्त्यात अडथळा केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुन्या दंड संहितेत तो २०० रुपये होता. पण त्या शेतकऱ्याला ‘तिथे जा’ म्हणून दाखवायला जागाच नव्हती, आणि जागा नसताना दंड करायचा नाही एवढे शहाणपण त्या अंमलदाराकडे होते. कलम ११७ मध्ये याचीच सोय आहे: गाड्या कुठे उभ्या राहतील ते स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवता येते. आपल्या गावांत मनाईचे आदेश भराभर निघतात आणि वाहनतळाचा ठराव वर्षानुवर्षे पडून राहतो. हंगाम दरवर्षी त्याच महिन्यांत येतो. चार महिन्यांसाठी यार्डाजवळची मोकळी जमीन भाड्याने घेणे, तिथे दिवा, पाणी आणि नंबराचे टोकन देणे हे नगर परिषद आणि बाजार समितीने मिळून करण्यासारखे काम आहे.

ते जमते याचा पुरावा हिंगोलीतच आहे. अनंत चतुर्दशीला गड्डेपीर गल्लीतल्या चिंतामणी गणपतीचा नवसाचा मोदक घ्यायला दूरदूरहून लोक येतात. रामलीला मैदानावरच्या दसरा महोत्सवाला दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा आहे. औंढा नागनाथला महाशिवरात्री आणि श्रावणी सोमवारी अशीच रीघ लागते. या दिवसांसाठी एका पानाचा आदेश निघतो: अमुक रस्ता बंद, पर्यायी मार्ग हा, वाहनतळ इथे. महिन्याच्या आतली बंदी असेल तर राजपत्रात छापायची गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते, अशी सवलत कलम ११५ मध्येच आहे. पोलीस अधिनियमाच्या जाहीर सूचनेच्या कलमात तर आजही दवंडीचा पर्याय आहे. त्या दिवशी बांबू लागतात, होमगार्ड येतात, मैदाने मोकळी होतात आणि आदेशात मनाईच्या ओळीखालीच जागेची ओळ असते. लोक मुकाट्याने पाळतात, कारण गाडी कुठे लावायची ते त्यांना कळलेले असते.

तुमच्या गल्लीत असा कायमचा आदेश यायचा असेल तर त्याच्या मसुद्यावर हरकत लेखी द्या. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात, एक पोलीस अधीक्षकांकडे, एक नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना, आणि तिन्हींवर पोच घ्या. हरकतीत रस्त्याची मोजलेली रुंदी, गर्दीची वेळ आणि जवळची मोकळी जागा कोणती, तिचा मालक कोण, हे लिहा. हातगाडीवाल्यांच्या आणि रिक्षावाल्यांच्या सह्या असतील तर आणखी चांगले. पाहणीची तारीख आधी विचारून ठेवा आणि त्या दिवशी हजर राहा. टेपचे दुसरे टोक धरायला माणूस बहुतेक वेळा कमीच असतो.