सूक्ष्म धातुकण आणि मेंदू

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मोझरी हें गांव लागतें. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं १९३५ सालीं स्थापन केलेला गुरुकुंज आश्रम तो येथलाच. या आश्रमाच्या परिसरांत आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि आयुर्वेदाच्या अभ्यासक्रमांत रसशास्त्राचा अंतर्भाव असल्यामुळें भस्माची परीक्षा कशी करावी हें विद्यार्थ्यांस शिकावेंच लागतें. अंगठा व तर्जनी यांमध्यें चोळलें असतां जें बोटांच्या रेषांत जाऊन बसतें तें रेखापूर्ण. निश्चल पाण्यावर टाकलें असतां जें तरंगतें तें वारितर. सोनें पाण्याच्या एकोणीसपट जड. त्याचें भस्म तरंगतें तें पाण्याच्या पृष्ठताणावर, आणि तेंही कण अत्यंत बारीक असले तरच. सूक्ष्मदर्शक हाताशी नसतां जुन्या रसवैद्यांनीं बारीकपणा मोजण्याची ही युक्ति काढली, हें खरोखर कौतुकास्पद आहे.

हा बारीकपणा असतो तरी किती? मुंबईच्या आय. आय. टी.मधील संशोधकांनीं यशदभस्म, म्हणजे जस्ताचें भस्म, तपासून २००९ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत जस्ताच्या ऑक्साइडाचे नॅनोमीटरांत मोजावे लागणारे कण आढळले. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले असतां त्यांतला एक भाग तो नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारें ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. औषध जितकें बारीक तितकें गुणकारी, या समजुतीला यामुळें पाठबळ मिळालें असें वाटणें साहजिक आहे. परंतु जी सूक्ष्मता औषधाला शरीरांत वाट करून देते, तीच विषालाही देते.

रक्तांतून वाटेल तो पदार्थ मेंदूंत शिरूं नये अशी निसर्गानें कडेकोट व्यवस्था केलेली आहे. मात्र या तटाला एक खिडकी आहे, ती म्हणजे नाक. गंध जाणणाऱ्या तंतूंचीं टोंकें तेथें थेट हवेला लागलेलीं असतात आणि त्यांचीं दुसरीं टोंकें मेंदूंत पोंचतात. अमेरिकेंतील रॉचेस्टर विद्यापीठांत मँगनीज ऑक्साइडाचे सुमारें तीस नॅनोमीटरचे कण उंदरांना श्वासावाटे देण्यांत आले. हा प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाला. बारा दिवसांत त्यांच्या मेंदूच्या गंधग्राहक भागांतील मँगनीज साडेतीनपट झालें. पुढें कांहीं उंदरांची उजवी नाकपुडी बंद केली, तेव्हां मँगनीज केवळ डाव्या बाजूस सांचलें! कण रक्तावाटे आले असते तर उजवें-डावें असा भेद पडला नसता.

मँगनीज हें नांव विदर्भाला परकें नाहीं. नागपूर व भंडारा जिल्ह्यांत त्याच्या मोठ्या खाणी आहेत. या धातूची धूळ दीर्घकाळ श्वासांत गेल्यास काय होतें, याचें वर्णन ग्लासगोच्या जॉन कूपर या वैद्यानें १८३७ सालींच लिहून ठेविलें आहे. तें खनिज दळणाऱ्या कामगारांचे पाय लटके पडले, चालतांना तोल पुढें जाऊं लागला, आवाज क्षीण झाला. पार्किन्सनच्या व्याधीशीं याचें साम्य उघड आहे.

लोहाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. माणसाच्या मेंदूंत मॅग्नेटाइट नांवाचें चुंबकीय लोह-ऑक्साइड असल्याचें किर्श्विंक या अमेरिकन संशोधकानें १९९२ सालीं दाखविलें. तें शरीरांतच तयार होत असावें असा त्या वेळीं समज होता. पुढें २०१६ सालीं बार्बरा माहेर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मँचेस्टर व मेक्सिको सिटी येथील ३७ मृतांचे मेंदू तपासले. कांहीं कण कोनदार स्फटिकांचे होते, परंतु पुष्कळसे गोल व वितळून थिजल्यासारखे होते. असे गोलक प्रखर उष्णतेंत बनतात. मोटारींचें इंधन जळतांना ते धुरांत असतात. हमरस्त्यालगतच्या घरांनीं ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूंतील गुठळ्यांत तर २०२१ सालीं शुद्ध धातुरूपांतील तांबें व लोह आढळलें.

म्हणून धातूमुळेंच स्मृति नष्ट होते असें म्हणावें काय? जळालेल्या घरांत राख सांपडली म्हणून राखेनें आग लावली असें कोणी म्हणत नाहीं. मरणाऱ्या पेशींतूनही लोह बाहेर पडतें. पार्किन्सनच्या ३७२ नव्या रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांपैकीं ज्यांना लोह काढून घेणारें औषध दिलें त्यांच्या मेंदूंतील लोह घटलें, परंतु प्रकृति इतरांहून अधिक बिघडली. ज्या डोपामीनच्या अभावीं हा रोग होतो, तें बनविण्यासही लोहच लागतें.

भस्माचा न्याय करतांनाही हाच सावधपणा हवा. जस्ताचें भस्म पोटांतील आम्लांत विरघळतें, सोन्याचें विरघळत नाहीं. तेव्हां सर्व भस्मांना एकच नियम लावणें चुकीचें. प्रत्येकाबाबत रक्तांत किती गेलें, मेंदूंत किती राहिलें व बाहेर किती पडलें हें निरनिराळें मोजावें लागेल. शिवाय रोगी भस्म मधांत कालवून गिळतो. खलावर ओणवा होऊन कोरडें भस्म तासन्‌तास घोटणारा मात्र तें हुंगत असतो. त्याच्या नाकावर फडकें असणें हें रेखापूर्ण परीक्षेइतकेंच आवश्यक आहे, आणि साधें फडकें इतक्या बारीक कणांना पुरें पडत नाहीं. त्यासाठीं दाट गाळणीची मुखपट्टी लागते.