इंग्रजीपूर्वीचे ब्रिटन

ब्रिटन म्हटले की आपल्याला इंग्रजी आठवते. परंतु इंग्रजी ही त्या बेटावरची आद्य भाषा नव्हे. इसवी सनाच्या पाचव्या शतकापासून अँगल व सॅक्सन टोळ्या समुद्र ओलांडून आल्या, त्यांनी ती आणली. तत्पूर्वी तेथे केल्टिक कुळातील ब्रिटॉनिक भाषा नांदत होती. शेक्सपिअरच्या गावची एव्हन नदी तिचीच खूण. त्या भाषेत या शब्दाचा अर्थच ‘नदी’.

या भाषेशी आपले दूरचे नाते आहे. १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन एकाच मुळातून निघाल्याचे सांगितले आणि केल्टिकही त्यातलीच असावी, असे सुचविले. त्यांचे वडील मूळचे वेल्समधील अँगलसी बेटावरचे. वेल्श भाषेत तीनला ‘त्री’, नऊला ‘नाउ’ आणि दहाला ‘देग’ म्हणतात, हे ऐकून संस्कृत जाणणाऱ्यास नवल वाटणार नाही.

नवागतांचे राज्य पसरले, तसे ब्रिटन लोक पश्चिमेकडे व उत्तरेकडे रेटले गेले. नवागतांनी त्यांना ‘परके’ म्हटले. वेल्स हे नाव त्यावरूनच पडले. ते मात्र स्वतःला ‘कम्री’, म्हणजे एका देशाचे सोबती, म्हणवीत राहिले. उत्तरेतील कम्ब्रिक बोली बाराव्या शतकाच्या सुमारास लोपली. उरल्या तीन शाखा : वेल्श, कॉर्निश व ब्रेतों.

कॉर्नवॉलवर १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक लादले गेले. लोकांनी बंड केले, ते निर्दयपणे चिरडण्यात आले. त्या काळी कॉर्निशमध्ये बायबल छापलेच गेले नाही. १७७७ साली डॉली पेंट्रीथ ही मासळी विकणारी वृद्धा वारली. परंपरेने तिलाच या भाषेची शेवटची जाणकार मानतात.

वेल्सवरही १५३६ च्या कायद्याने न्यायालयात इंग्रजी आली. पण १५८८ मध्ये विल्यम मॉर्गन यांचे वेल्श बायबल निघाले. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स यांच्या फिरत्या शाळांनी शेतकऱ्यांना व त्यांच्या मुलांना आपल्याच भाषेत वाचायला शिकविले. पुढे शाळेत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवीत, तरी घरातली भाषा टिकली. १८९१ मध्ये निम्म्याहून अधिक लोक ती बोलत. २०२१ च्या जनगणनेत हे प्रमाण १७.८ टक्के उरले. मात्र १९८२ पासून तिची स्वतंत्र दूरचित्रवाणी आहे आणि २०११ पासून तिला कायद्याने अधिकृत स्थान आहे.

आम्हां महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्यांस सर्वांत जवळची वाटते ती ब्रेतों. पाचव्या-सहाव्या शतकांत काही ब्रिटन कुटुंबे समुद्रापार जाऊन आजच्या फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात स्थिरावली. परमुलखात त्यांनी आपली भाषा सुमारे चौदाशे वर्षे सांभाळली. १९५० च्या सुमारास तिचे भाषक दहा लाखांच्या आसपास होते. आज ते लाखाच्या आसपास आहेत. शाळेत ब्रेतों बोलल्याबद्दल शिक्षा भोगलेल्या आईबापांनी, मुलांची उन्नती व्हावी म्हणून, त्यांच्याशी फ्रेंच बोलणे पसंत केले. चौदा शतकांचा धागा असा एका पिढीत विरला.

त्या आईबापांना आम्ही दोष देणार नाही. पोटापाण्याची भाषा शिकावीच लागते. मात्र वेल्समधील कित्येक घरांनी इंग्रजी शिकूनही वेल्श सोडली नाही. आपल्या घरी संध्याकाळी मुले कोणत्या भाषेत बोलतात, कोणते पुस्तक उघडतात, इकडे लक्ष ठेवणे आपल्याही हाती आहे.